प्रभूच्या दिवसाचा चहा

सुताराचा रविवार शनिवारीच सुरू व्हायचा, आणि तो सुरू करून द्यायची त्याची बायको. दोन दिवसांचा स्वयंपाक, कपड्यांना इस्त्री, बुटांना पॉलिश, सगळं शनिवारी दिवे लागायच्या आत. सुतार रंधे-पटाशा पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवायचा, वर फडकं टाकायचा आणि हात झटकून म्हणायचा, "चला, देवाचा दिवस देवाला." फडकं स्वच्छ धुतलेलं असायचं. ते कोणी धुतलं हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

रविवारी त्या घरात गार जेवण. सुई हातात धरायची नाही, कोणाकडे जायचं नाही, गाडीत तर बसायचंच नाही. कारण आपण बसलो की गाडीवाल्याचा विसावा मोडतो. चहा मात्र चालायचा. सकाळी एकदा, चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर एकदा आणि दुपारची झोप झाली की पुन्हा. चहा कामात मोजत नाहीत, असं सुताराचं मत होतं. करणारीचं मत कोणी घेतलं नव्हतं. गल्लीतले लोक त्याला ‘रविवार सुतार’ म्हणायचे, आणि त्या बिचाऱ्याला ते बिरुद वाटायचं.

सुतारीणही भाविक होती. प्रार्थनेत ती डोळे खरोखर मिटायची. कोण उशिरा आलं ते एका डोळ्याने बघत नसे.

त्या रविवारी उपासनेहून घरी येतात तोच भाचीचा फोन आला. "मावशी, डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही. आई सारखी दाराकडे बघतेय. तू नीघ." धाकटी बहीण दोन गावं पलीकडे राहायची. आई लवकर गेल्यावर हिनेच तिला कडेवर घेऊन वाढवलेलं. शेजारचा टेंपोवाला बातमी ऐकून किल्ली घेऊनच दारात आला. "वहिनी, बसा. बघता बघता पोचवतो."

तिने पिशवी उचलली. "अहो, निघू या ना?"

सुतार खुर्चीतून उठलाही नाही. "आज रविवार आहे. आजवर मोडला नाही, तो आता मोडायचा? वेळ देवाच्या हातात आहे. उद्या पहाटे निघू."

"अहो, पण उद्यापर्यंत ती..."

"देवावर विश्वास आहे ना तुझा?"

याला नाही कसं म्हणणार? जन्मभर तो तिला असाच कोंडीत पकडत आला होता. तिने पिशवी खाली ठेवली. टेंपोवाला मान हलवत निघून गेला. दुपारी सुताराने चहा मागितला, आणि तिने तो केला. त्या चहाबद्दल तिने पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही.

धाकटी त्याच संध्याकाळी गेली.

सोमवारी उजाडताच सुतार शवपेटीच्या कामाला लागला आणि दिवसभर खपला. फळ्या अशा गुळगुळीत केल्या, कडांना अशी गोलाई दिली की बघणाऱ्याने हात फिरवावा. मेलेल्या मेव्हणीसाठी त्याच्याकडे अख्खा दिवस होता. संध्याकाळी पेटी त्याच टेंपोत चढली.

तिकडच्या चर्चच्या पाळकांनी दफनाआधी पेटीचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, "बाई वाट बघत होत्या. आधी का आला नाहीत?" सुताराने ताठ मानेने कारण सांगितलं.

"अहो, काय हे!" पाळक म्हणाले. "प्रभूने शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्याच दिवशी आजाऱ्यांना बरं केलं. लोक चिडले तरी केलं. देव वेळ देतो तो कुलपात घालायला नव्हे."

सुताराची मान खाली गेली. सुतारीण मागेच उभी होती. तिला पाळकांचाही राग आला. इतकी साधी गोष्ट, आणि ती तिच्या कानावर यावी थडग्याशी!

पुढच्या रविवारी उपासनेहून आल्यावर सुतार नेहमीसारखा खुर्चीत टेकला. ती आत गेली नाही. समोरच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून.

"चहा टाकतेस ना?"

"आज रविवार आहे."

तो हसला. "अगं, चहाला काय होतंय?"

"वेळ देवाच्या हातात आहे," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "उद्या पहाटे करीन."

तो खुर्चीतून उठला. मग स्वतःच स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला जीभ रेटेना.