सद्हेतूने आलेले नांगर

नांगर, वखर, रोटाव्हेटर यांपैकी एकही अवजार माझ्या कापसाच्या रानात चार वर्षे शिरलेले नव्हते, आणि ही वस्तुस्थिती मी कृषी खात्यास तसेच ग्रामपंचायतीस वेळोवेळी लेखी कळवलेली होती. कापूस निघाला की पऱ्हाटी जमिनीलगत छाटायची, मुळे जागेवरच कुजू द्यायची. उन्हाळ्यात विहिरीला जे काही पाणी उरते त्यावर ताग पेरून माती झाकायची. ताग फुलावर आला की तो आडवा पाडायचा आणि त्या हिरव्या थरातून सरकी टोकायची, अशी माझी पद्धत. कुजलेल्या मुळांच्या वाटांनी पावसाचे पाणी खोल उतरते आणि गांडुळांना कोणी बेघर करत नाही. मात्र एकदा पलटी नांगर फिरला की चार वर्षांची ही घडण एका सकाळीत उलथी होते, आणि त्या निकालावर अपील नाही.

बीडच्या न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाची पत्रे निःसंदिग्ध असतात, अशी माझी समजूत होती. गावाने त्यांचा भलताच अर्थ लावला. नांगरट नकोच असे हा गृहस्थ इतक्या तावातावाने लिहितो, त्याअर्थी त्याच्याकडे नांगरायला माणूस नाही आणि मागायला तोंड नाही, असा तो अर्थ.

मृगाच्या सरी होऊन गेल्यावर एके सकाळी तेलगावच्या रस्त्याकडून पाच ट्रॅक्टर ओळीने आले. पहिल्यावर माझा शेजारी बसला होता. आमच्यामधल्या बांधाबाबत त्याच्याशी माझा दिवाणी दावा चालू आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे येथे मी त्याला प्रतिवादी एवढेच म्हणतो.

"अण्णा, बाजूला सरका," प्रतिवादी ओरडला. "इर्जिक हाय तुमची! ताग गाडून देतो. लोकांचा कापूस उगवून आला, तुमी आजून पत्रंच लिवताय."

अडलेल्याच्या रानात गावाने आपापली औते घेऊन फुकट राबायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, ही इर्जिकीची रीत. मी अडलेलो नव्हतो. मी संतापलेला होतो. पहिल्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवून मी उभा राहिलो.

"हे अतिक्रमण आहे," मी म्हणालो.

"असंल," प्रतिवादी म्हणाला.

परंतु फौजदारी अतिक्रमणाला वाईट हेतू लागतो, हे मला तेथेच, चिखलात उभ्या उभ्या आठवले, आणि मी उलटतपासणी सुरू केली.

"तुमचा हेतू काय?"

"तुमचं भलं करायचं."

"लेखी द्याल?"

"भलं करायला कवा लेखी लागतंय का, अण्णा?"

"ह्यांच्याकडं लागतंय बे," मागच्या ट्रॅक्टरवरून आवाज आला. "पोचपावती बी घेऊन ठेव!"

सगळे खदखदून हसले. एवढ्यात आखाड्याकडून, म्हणजे माझ्या शेतातल्या घराकडून, साजूक तुपात रवा भाजल्याचा वास आला. दारात आमच्या सौभाग्यवती झारा घेऊन उभ्या होत्या. कटाची व्याप्ती माझ्या लक्षात आली.

"मला विचारावंसं वाटलं नाही?" मी ओरडलो.

"तुम्हाला विचारायचं म्हणजे अर्ज करावा लागतो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता लोकांना परत पाठवावे तर आलेल्या गावाचा अपमान. राबू द्यावे तर मातीचा घात. पलटी नांगरांची पाती उन्हात चकाकत होती. आणि अचानक मला ती पळवाट सापडली. उभ्या नोकरीत कोणत्याही वकिलाला सापडली नसेल इतकी देखणी! माणसे गावाची, औते गावाची. पण काम कोणते करायचे हे इर्जिकीत रानमालकच सांगतो.

"नांगर सोडा!" मी गर्जलो. "ताग गाडायचा नाही."

"मग काय करायचा?"

"झोपवायचा."

"अंगाई म्हणू का?" प्रतिवादीने विचारले.

मी विहिरीजवळची बाभळीची जाड फळी दाखवली. ती साखळ्यांनी ट्रॅक्टरमागे आडवी बांधली. चाके फक्त मधल्या सरीतून चालतील, माती दबू नये म्हणून पेरणीच्या उंच पट्ट्यावर, म्हणजे गादीवाफ्यावर, एकही चाक चढणार नाही, अशी अट मी घातली व ती तोंडी मान्य झाली. पहिल्या फेरीत ताग जरा वाकला आणि पुन्हा ताठ उभा राहिला.

"वजन पाहिजे," मी म्हणालो.

सर्वांनी प्रतिवादीच्या पोटाकडे पाहिले. तो फळीवर चढला. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी चौघे चढले, एकमेकांचे पंचे धरून. ट्रॅक्टर हलला आणि कमरेएवढा ताग, पिवळ्या फुलांसकट, कडाकड मोडत आडवा झाला. वळणावर दोघे गडगडले. लोक टाळ्या पिटू लागले. मग फळीवर चढायला रांग लागली, रांगेत भांडण लागले, मिशा पिकलेली माणसे "आता माझी पाळी" म्हणून एकमेकांना ढकलू लागली. मी ओरडत होतो, "सरी सोडू नका!" आणि मला हसू आवरत नव्हते. मागे उरत होती ती मऊ, हिरवी सतरंजी, आणि तिच्याखाली न दुखावलेली माती.

"चढा की अण्णा," प्रतिवादी म्हणाला. "का आधी नोटीस देऊ?"

शेवटचा पट्टा उरला होता. मी धोतर खोचले आणि चढलो. प्रतिवादीने माझा सदरा मागून मुठीत धरला. फळी उसळली, टोपी उडाली, धारूरचे डोंगर एका बाजूला कलले, सदऱ्याचा टर्रकन आवाज झाला आणि मी उताणा पडलो. पाठीखाली ढेकूळ नव्हते, चिखल नव्हता. नुसता गारेगार ताग. हसता हसता दम लागला. बघतो तो ट्रॅक्टरवाला माझ्यासाठी गाडी उभी करून गादीवाफ्यावरून मागे वळवायला निघालेला.

"वळवू नका!" मी पडल्या पडल्या ओरडलो. "मला राहू द्या, पट्टा पुरा करा!"