आतोबांचं अडलेलं वाक्य

सोलापुरात दोन भाषा बोलणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील. पण दोन भाषांची सोयरीक जमवण्यापायी स्वतःचं खाणंपिणं विसरणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे आतोबा. जन्म अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, नोकरी कचेरीत आणि तिथं मराठी. सत्तरच्या दशकात आमच्या हौशी मंडळासाठी ते कन्नड नाटकं मराठीत आणत. वाक्य कागदावर उतरवण्याआधी ते तोंडात घोळवून बघत, आणि तेही भर रस्त्यात. एका नाटकात भांडण होतं. मराठी बाई नेमकी कशी कडाडते हे ऐकायला आतोबा मंडईत गेले आणि एका भाजीवालीशी त्यांनी मुद्दाम वाद उकरून काढला. ती म्हणाली, "घ्यायचं न्हाय तर वांगी कशाला चिवडतूस रं मुडद्या? तुज्या बाचा मळा हाय व्हय?" आतोबांचा चेहरा उजळला. "लई झकास, बाई! पुन्हा एकदा, जरा सावकाश," म्हणत त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. कृतज्ञता म्हणून तिची सगळी पाटी विकत घेतली. पुढचे चार दिवस आत्याकडे वांग्यांखेरीज काही शिजलं नाही.

अशा माणसाचं एका वाक्यावर घोडं अडलं. नाटक दोन भावांचं होतं. वाटणीवरून तुटलेला धाकटा शेवटी दारात येतो आणि थोरला म्हणतो, "नावू इन्नू ऊटा माडिल्ला." आपण अजून जेवलो नाही. की आम्ही अजून जेवलो नाही? कन्नडात दोन्हींना एकच शब्द, 'नावू'. 'आपण' म्हटलं की धाकटा घरात आला, 'आम्ही' म्हटलं की उंबऱ्याबाहेर राहिला. थोरल्याचं काम माझ्याकडे होतं. प्रयोग आठवड्यावर आलेला आणि माझं शेवटचं वाक्यच तयार नाही! मी वैतागून म्हणालो, "आतोबा, टाका की काहीतरी." ते उसळले, "काहीतरी कसं टाकू? माणूस आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, ते ठरायचंय!"

आत्या करमाळ्याची. कन्नड तिला कधी जमलं नाही, पण नवरा तोंडपाठ होता. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "आरं, नाटकाचं काय घिऊन बसलास? जमिनीची वाटणी झाल्यापासनं ह्येंचा भाऊ ह्येंच्याशी बोलत न्हाय. लई लागलंय त्येंना."

दुसऱ्या दिवशी आतोबा रजा टाकून एस.टी.नं गावी गेले. शब्दाची खात्री करून येतो, म्हणाले. संध्याकाळी परतले ते थेट तालमीला.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"दारात उभा राहून म्हटलं, मी अजून जेवलो नाही. कन्नडातच म्हटलं." ते खुर्चीत टेकले. "तो मराठीत बोलला रे. जन्मात कधी माझ्याशी मराठी बोलला नव्हता. म्हणाला, आमचं जेवण झालंय."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

"कन्नडात म्हणाला असता, तर मी माझ्या सोयीनं अर्थ लावला असता की," ते म्हणाले आणि हसायला गेले. ते हसू मला बघवलं नाही. मग त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि मोकळ्या जागेत ठळक अक्षरात लिहिलं, 'आपण'.

पुढं दोघा भावांची भेट काही झाली नाही. नाटकाचे आम्ही पाच प्रयोग केले. धाकट्याकडे बघून बोल म्हणून दिग्दर्शक दर वेळी ओरडायचा. पण ते शेवटचं वाक्य मी पाचही वेळा विंगेत उभ्या असलेल्या आतोबांकडे बघूनच म्हटलं.