माझ्याच फोटोखाली

टीव्हीवर स्वतःचं तोंड बघायचा योग किती जणांना येतो? मला आला, अन् तोही तोंडात भजं कोंबलेलं असताना! संध्याकाळची मालिका चालू होती. आई आणि माझी धाकटी बहीण डोळे लावून बसलेल्या. मध्येच लोकल केबलची जाहिरात लागली, तुतारी वाजली आणि एका चमचमत्या चांदणीतून गरगरत मी बाहेर आलो. गोरापान, बिनचष्म्याचा! खाली पट्टी फिरत होती, लातूरच्या एका क्लासचा हिरा म्हणून. आई किंचाळलीच, "अगं बया, हा तर आपला!"

आता खरं सांगतो. मेडिकलची सगळी तयारी मी अहमदपुरात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून केली. त्या क्लासचं दार पाहिलं ते एकदाच, निकाल लागल्यावर. त्यांनी सत्काराला बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, पेढा भरवला आणि फोटो काढला. पेढा लई चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या एका पेढ्यावर मी त्यांचा विद्यार्थी झालो!

मग काय, गल्लीत नुसता गोंधळ. शेजारच्या काकू आईवर रुसून बसल्या. "पोरगं लातूरला क्लासला होतं, अन् आम्हाला सांगितलं न्हाई?"

"काकू, मी रोज तुमच्या डोळ्यांदेखत गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठ करायचो ना!"

"ते हाय रे. पण टीव्हीवर दाखवून राहिले की."



काकूंचं सोडा, आमचे वडील, अप्पा बघा. कापडाचं दुकान चालवणारा माणूस, रंग जाणार न्हाई म्हणून स्वतः शपथा घेणारा. ह्यांना कोण भुलवणार, असं आम्हाला वाटायचं. पण रोज रोज ती जाहिरात बघून एक दिवस तेच म्हणाले, "धाकटीला त्याच क्लासला घालायचं."

बहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. तिला लातूरच्या होस्टेलवर जायचंच नव्हतं. माझ्यासारखं घरी राहून शिकायचं होतं.

"अप्पा, मी त्या क्लासला गेलोच न्हाई!" मी ओरडलो.

"मग फोटो कसा लागला?"

"तुम्हीच नेलं होतं की मला सत्काराला!"

"हाव, नेलं होतं. पण उगंच कोण कुणाचा फोटो लावतंय?"

मी हात टेकले. बहीण रडली, रुसली, जेवली न्हाई. अप्पा काही हलले नाहीत.

शेवटी अप्पा, बहीण अन् मी, तिघंही लातूरला गेलो. ऑफिसात एक टायवाले गृहस्थ बसलेले, आणि मागं भिंतभर माझा फोटो. त्यांनी बहिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वाढलेली दाढी, जाड चष्मा, चुरगळलेला शर्ट. कीव आल्यागत म्हणाले, "हे रिपीटर का? पुन्हा परीक्षेला बसणार? घाबरायचं नाही. हा पोरगा बघा," बोट माझ्या फोटोकडं, "तुमच्यासारखाच ढिला होता. आम्ही घडवला."

बहिणीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मला हसू आवरेना, खुर्ची गदागदा हलायला लागली. अप्पांकडं पाहिलं, तर ते हसत नव्हते.

"ह्याच्या घरचं कुणी बघत नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"छे हो! घरच्यांना काय कळतंय? आईबापाचा काडीचा उपयोग नव्हता. दिवसरात्र इथंच असायचा."

अप्पा ताडकन उठले. एवढं लाल झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मग पहाटे उठून ह्याला चहा कोण करून देत होतं? ह्याला झोप लागू नये म्हणून समोर पेपर घेऊन कोण बसत होतं? तुम्ही?"

टायवाल्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि घाईघाईनं पेढ्यांचा डबा पुढं सरकवला.

अप्पांनी बहिणीचा हात धरला. "चल गं. घरीच शिक. मी हाय की."