वाळलेल्या बागेचं चित्र

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओसरीवर शाळेतल्या पोरांची निसर्गचित्रं वाळत घालणं. बायको मोर्शीकडच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सातवीतल्या एका पोरीनं संत्र्याची बाग पार वाळलेली काढली होती. मले वाटलं, पोरीजवळचा रंग संपला असन, म्हणून मी झाडं हिरवी करून टाकली. बायको म्हणे, "काहून हात लावला? तिच्या घरची बाग तशीच वाळली. आता तिले वाटन, बाईनंच खोडलं. तुमीच सांगा तिले." मी म्हटलं, "सांगीन ना." त्याच दुपारी चहा ठेवता ठेवता ती गेली, सांजेले माती झाली. सुतकात कोणाच्या दारी जाऊ नये, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्र घेऊन पोरीच्या अंगणाबाहेर उभा राहिलो आन् म्हटलं, "हा हिरवा रंग तुह्या बाईनं नाही लावला, माय. मी लावला."