वाशीगावातली होडीच्या मापाची गल्ली

जुने रस्ते बघायला लोक राजस्थानात जातात. मी खांदेश्वरहून बाइक काढली आणि वाशीला गेलो. आमच्या शहरात सेक्टरला नंबर मिळतो, इतिहासाला प्लॉट मिळत नाही; तरी म्हटलं, बघू.

तुम्ही जाणार असाल तर वाशी स्टेशनपासून चालत जा किंवा रिक्षा करा. गाडी गावाबाहेरच लावा, का ते पुढे कळेल. मी वाटेत वडापाव खाल्ला, एका मांजरीचे पंचवीस फोटो काढले आणि अकराच्या सुमारास गल्लीत शिरलो.

दोन्ही बाजूंना चारमजली घरं, डोक्यावर केबलींचा मांडव, नाकात सुक्या जवळ्याचा वास. एकदम हेरिटेज. वळणावर मात्र जुन्या घरांचे कोपरे गोल केलेले. काहीतरी वास्तुकला असणार म्हणून मी फोटो काढायला लागलो.

"कला नाय ती, होडीची वाट हाय. बाजूला हो पोरा," मागून आवाज आला.

हे हरीकाका. त्यांच्यासोबत दहा माणसं आणि माणसांच्या खांद्यावर होडी. पूर्वीपासून देवळापुढच्या मैदानात होड्या दुरुस्त व्हायच्या आणि याच गल्लीतून खाडीत जायच्या. म्हणून घर बांधणारा आधी कोपरा गोल करायचा. ना परवानगी, ना नकाशा. नियोजित शहर नंतर आलं, नकाशे घेऊन.

काकांची होडी मे महिन्यापासून वर मैदानात होती. दुरुस्ती लांबली, अर्धा हंगाम गेला. आज अमावास्या, उधाणाचं पाणी गल्लीच्या टोकाला लागलेलं. ते उतरलं की चिखल, आणि काका पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस घरात.

वाटेत भाडेकरूंच्या तीन गाड्या. बाहेरच्यांना अक्कल नाही, यावर काकांनी प्रत्येक गाडीमागे एक भाषण दिलं. एक आयटीवाला हाफपँटवर धावत आला, गाडी काढली आणि पापक्षालन म्हणून होडीला खांदाही दिला. मला दोरी धरायला दिली. अनुभव बघून काम देतात.

वळणावर होडी अडकली. समोर संगमरवरी पायरी, गल्लीत हातभर पुढे आलेली. कोणाची ही, म्हणून काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पायरी त्यांचीच. होडी वर असताना, गणपतीआधी बसवलेली.

"बाहेरचे लोक लय माजलेत, काका," होडीखालून कोणीतरी म्हणालं.

काकांनी होडी तिरकी करून बघितली, उलटी फिरवून बघितली. मी पायरीचा फोटो काढला. पाणी उतरायला लागलं होतं.

तेवढ्यात जनाकाकी, म्हणजे काकांची बायको, होडीच्या पूजेचा नारळ घेऊन दारात आली. पायरीचा दगड तिनेच पसंत केलेला.

"पानी थांबनार हाय काय आपल्यासाठी? घाला घन."

काका म्हणाले, नवी हाय गो. काकीने नारळ त्यांच्या हातात दिला, घन उचलला आणि पहिला घाव स्वतः घातला.

पायरी फुटली आणि होडी गुडघाभर पाण्यात सुटली. माझ्या हातात दोरी असल्यामुळे त्या ऐतिहासिक क्षणाचा फोटो अर्थातच नाही.

निघताना काकीने पायरीचा फोटो पाठवायला सांगितला. घरी येऊन, दोरी ओढून दुखणाऱ्या खांद्याला बाम चोळून, पाठवला. मांजरीच्या फोटोंमधून शोधावा लागला.

दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "चांगली दिसत होती ना?"

टोमणा मारायची सवय आहे मला. या वेळी नुसतं 'हो' लिहिलं.