वहीतला तिसरा मुलगा

आमचे वडील पंचवटीतले तीर्थोपाध्ये. निफाडकडची जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीवर येत आली, त्यांच्या नोंदी आमच्या वह्यांत. वडिलांचे डोळे अधू झाल्यावर मोडी वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कॉलेजच्या पोरीला दुपारभर बासनं सोडत बसायचा वैताग येई. पण जुना कागद उघडला, की घरातलंच घड्याळ कुठेतरी लांब वाजतंय असं वाटे.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात अमेरिकेहून सत्तरीचे एक गृहस्थ आले. त्यांचे वडील तरुणपणी बोटीवर कोळसा ओढत गेलेले, आणि तिकडच्या फळबागांत राबून तिकडचेच झालेले. मुलाला मराठी शिकवलं नाही, गावाचं नाव तेवढं सांगितलं.

"त्यांनी घरी कधी पत्र टाकलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "शेवटी मात्र सारखं विचारायचे, घरी कुणाला माझी आठवण असेल का? तेवढंच शोधायला आलोय."

वही सापडली. मी मोठ्याने वाचलं: धाकटा समुद्रापार गेला, बारा वर्षे पत्र नाही, सबब थोरल्या भावाने दर्भाचा पुतळा करून त्याची उत्तरक्रिया केली.

मी नोंदीचं साल पाहिलं. हे गृहस्थ जन्मायच्या आधीच त्यांच्या बापाला इथे जाळून मोकळे झाले होते! मी इंग्रजीत एवढंच म्हटलं, "भाऊ येऊन गेले, तुमच्या वडिलांचं नाव लिहिलंय."

माझ्या वडिलांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नसे. तरी म्हणाले, "वाचलंस एवढं, आणि सांगितलंस एवढंसं? वही त्यांची आहे. सगळं सांग."

मला रागच आला. पण सांगितलं. ते गृहस्थ खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिले. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी पान उलटलं.

तिथे क्रियेनंतरच्या वर्षीची नोंद होती: तेव्हा या गृहस्थांची आजी एकटीच आली होती. हयात मुलगे तीन, असं तिने सांगितलेलं. धाकट्याच्या नावापुढे आमच्या पणजोबांचं अक्षर होतं: 'क्रिया झाली आहे असे समजाविले. बाई ऐकत नाहीत.'

हे इंग्रजीत सांगताना मला रडू आवरलं नाही.

आलेल्याने वहीत स्वतःच्या हाताने काहीतरी लिहायचं, अशी आमच्याकडे रीत. मी पेन दिलं. त्यांनी फार सावकाश इंग्रजीत एक ओळ लिहिली.

"काय लिहिलं गं?" वडिलांनी विचारलं.

मी मराठीत वाचून दाखवलं, "आजी, तुझंच खरं होतं."