सुपात वाळवलेली सिगार

ही वही कुणी उघडलीच तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाहीत, आणि अक्षर असं की शेणात पाय भरलेली कोंबडी पानावरून चालत गेली असं वाटावं. पण तोंडाने बोलायची मला लाज वाटते. दारात परका माणूस आला तर मी अजून आत पळते. तेव्हा बोलायचं राहून गेलेलं लिहावं लागतं.

मी पेडण्यात एका बंगल्यावर स्वैपाकाला आणि झाडलोटीला जाते. मोपाला विमानं उतरू लागली तसे आमच्या डोंगरावर बंगलेही उतरले. हा पुण्याच्या नवरा-बायकोचा. साहेब नोकरीतून निवृत्त, साठी उलटलेले, आणि मला ‘मावशी’ म्हणतात. माझं वय बेचाळीस.

साहेबांचा उद्योग म्हणजे सिगार ओढणं आणि तिला शंभरपैकी मार्क देणं. लहानसहान नाही, वीतभर लांब आणि माझ्या अंगठ्याहून जाड. ती तोंडात धरली की साहेब केळफूल गिळायला निघाल्यासारखे दिसत. हे सगळं फोनवर चित्रित करून ते जगाला दाखवत. फोन उभा करायची काठी मोडली तेव्हापासून फोन माझ्या हातात.

“मावशी, हात हलवू नका.”

मी कशाला हलवते? सव्वा तास उभी राहायची. तेवढ्या वेळात माझं कालवण, भात आणि दोन भाज्या होतात.

आधी सिगार नाकाखालून फिरवायची. मग छोट्या अडकित्त्याने टोक कापायचं, सावकाश पेटवायची, आणि डोळे मिटून सांगायचं, “देवदार. जुनं चामडं. आता ओली माती.” चामडं यांनी कधी चाटलं होतं कोण जाणे. माझे वडील पाळी गावच्या खाणीवर कामाला होते. दुपारी पानात तंबाखू गुंडाळून ओढायचे. त्यांना कुणी चव विचारली असती तर म्हणाले असते, “कडू.” आणि मार्क विचारले असते तर म्हणाले असते, “काडीपेटी दी गो.”

गेल्या श्रावणात दोघं पंधरा दिवस पुण्याला गेली. जाताना बाई म्हणाल्या, “मावशी, बुरशी सांभाळा हं. मागच्या वर्षी ह्यांच्या बुटांना मिशा फुटल्या होत्या.”

मी एकेक कपाट उघडून पुसलं. साहेबांच्या लाकडी पेटीत हात घातला तर आत दमट. आठ सिगारी मऊ पडलेल्या आणि कोपऱ्यात एक ओलसर पुडी. मला वाटलं पेटीत पाणी शिरलं. नशिबाने पावसाने उघडीप दिली होती. असं ऊन पडलं की आमच्याकडे बायका पुरुमेंत, म्हणजे मे महिन्यात भरून ठेवलेली बेगमी, पुन्हा उन्हात काढतात. बंगल्यातली सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, आणि कोकमाची सोलं मीही गच्चीवर मांडली होती. सुपात सुंगटं-सोलांच्या शेजारी जागा होती, तिथे सिगारी ठेवल्या. ओलं दिसलं की वाळवायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

तीन दिवसांत त्या कडक झाल्या. वाळून बारीक झाल्या तशा त्यांच्या कागदी पट्ट्या निसटल्या. मी भाताची शितं लावून आठही पट्ट्या चिकटवल्या, ओली पुडी फेकून दिली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

साहेबांनी पेटी उघडली आणि घरात कुणी गेल्यासारखे मटकन खाली बसले. ती पुडी म्हणे ओलावा टिकावा म्हणून मुद्दाम ठेवली होती. विकत आणून! श्रावणात, पेडण्यात, ओलावा विकत!

“एकेक तीन हजारांची होती, मावशी. कचरा झाला, कचरा! आता फेकूनच द्यायच्या.”

आठांचे चोवीस हजार. माझा पगार बारा. दर महिन्याला चार हजार कापायचे असं ठरलं, सहा महिने. ठरलं म्हणजे ते बोलले आणि मी मान खाली घातली. त्याला त्यांनी होकार धरला.

ते चार हजार माझ्या मुलीचे होते. ती पाळीला माझ्या भावाकडे राहून साखळीला कॉलेजात जाते. घरात मिळवणारी मी एकटी. तिच्या खाण्याचे आणि बसचे तेवढेच मी दर महिन्याला वहिनीकडे देते. ते थांबले. दिवाळीपर्यंत वहिनी गप्प राहिली. मग म्हणाली, “वन्सं, भाची आमचीच गो. पण सिलिंडर काही तिचो मामा नाही, फुकट जळायला.”

मुलीने ते ऐकलं. जानेवारीत मला म्हणाली, “आई, मी कॉलेज सोडतंय. साखळीला कापडाच्या दुकानात मुलगी हवी आहे.” तो शेवटचा हप्ता कापायचा महिना होता.

फेब्रुवारीत साहेबांचा जुना मित्र आला. सिगारीतला मोठा जाणकार म्हणे. सकाळी दोघं बाल्कनीत बसले, मी फोन धरून उभी. साहेबांनी पेटीतून एक काढली.

“ही खास. पाच वर्षं जपून मुरवलेली.” मग पट्टी सोडवायला लागले. “घट्ट बसलीय जरा.”

“हाताचं काम असतं, लेका,” मित्र म्हणाला. “तिथले कारागीर तसे.”

फोनमधून मला पट्टीच्या आतलं वाळलेलं शीत दिसलं. तिथले कारागीर! कचऱ्यात गेलेल्या सिगारी नवी पुडी घेऊन गुपचूप पेटीत परत बसल्या होत्या.

साहेबांनी झुरका घेतला. डोळे मिटले. उघडले.

“अरे, हे वेगळंच आहे. समुद्र! खारी झुळूक. आणि मागून काहीतरी आंबट... उन्हात सुकलेलं फळ.”

मित्राने ओढून बघितली. “किनाऱ्यावरची तंबाखू असणार. खारा वारा पानात उतरतो.”

“त्र्याण्णव,” साहेब म्हणाले.

“कंजूष! पंच्याण्णव दे.”

“मावशी, हात! हात हलतोय!”

हलत होता खरा. आणि मग माझं तोंडही हललं.

“साहेब, ती सुंगटं.”

“काय?”

“खारं लागतं ते सुंगटांचं. आंबट ते सोलांचं. एकाच सुपात होती. पट्टीला शीत माझं.” एवढ्यावर थांबले असते, पण मुलीचं दुकान आठवलं. “कचरा म्हणून माझे चोवीस हजार कापले. मग कचऱ्याला त्र्याण्णव कसे?”

मित्र इतका हसला की राख शर्टावर सांडली. बाई आतून आल्या. “अहो, तुम्ही फेकल्या म्हणाला होतात ना?”

“एखादी निघते चांगली,” साहेब पुटपुटले.

“बघू की,” म्हणून मित्राने दुसरी पेटवली. सव्वा तासाने तिला चौऱ्याण्णव दिले. “मुरवण्याची मजुरी दे बाबा यांना. कापतोस काय?”

दुपारी साहेबांनी पाकीट दिलं. पाचशेच्या चाळीस नोटा. चारचौघांत पैसे मोजायची मला लाज वाटते, पण मोजले.

“आठ नोटा कमी आहेत.”

“त्या पुडीचे, मावशी. ती तर तुम्ही फेकलीतच की.”

माझे शब्द सकाळीच संपले होते. उभं राहणं मात्र मला येत होतं, सवय त्यांनीच लावलेली. मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. त्यांनी पेपर उघडला. पान उलटलं. बाईंनी चहाला हाक मारली, मी हलले नाही. तिसऱ्या पानाला त्यांनी खिशात हात घातला. त्या आठही मोजल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पाळीला गेले आणि मुलीला पुन्हा कॉलेजात पाठवायचं म्हणून सगळे चोवीस हजार वहिनीच्या हातावर ठेवले. तिनेही मोजले. पुरे भरले.